ऊनपाळीवाले काका

मानोरा गावात खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुमाले थंडी कितीक वाजते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे कमी, मध्यम, का जास्त? अर्जात लिहा लागते."

आता खोली भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. लग्न झालं का, मटण शिजवता का, आडनाव काय, आडनावावरून कळलं नाही तर गाव कोणतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्यानं लागलेली मास्तरीण, वर मुळातच तोंडाळ, त्यामुळे तीन घरांतून आधीच उठून आले होते. इथं मात्र हा उंच, वाळका, कानावर लाल पेन्सिल लावलेला म्हातारा माझ्यापुढे छापील अर्ज धरून उभा होता आणि त्यात एक रकाना खरोखरच थंडीचा होता. मी 'जास्त' लिहिलं. त्यांनी ते वाचून समाधानानं मान हलवली आणि खोली दिली.

थंडीचं कोडं दिवाळीनंतर उलगडलं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक. कालव्याचं पाणी कोणाच्या वावरात किती वाजता सोडायचं आणि किती वाजता तोडायचं, ह्यात त्यांचा जन्म गेलेला. पाणीपाळीचं पत्रक काढायचं, ते चावडीवर डकवायचं, आणि मग त्यावरून होणाऱ्या भांडणांत मध्ये उभं राहून शिव्या खायच्या. त्यांचं एकच तत्त्व होतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं वावर, तो टेलवाला. त्याच्यापर्यंत पाणी पोचता पोचत नाही, म्हणून पहिली पाळी त्याची. "टेलवाल्यावर अन्याव नाही झाला पायजे," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणत.

निवृत्त झाल्यावर वाटायला पाणी उरलं नाही. पण देव दयाळू. शेजारी तीन मजली मंगल कार्यालय उभं राहिलं आणि हिवाळ्यात आमच्या अंगणातलं ऊन निम्म्याहून कमी झालं. पौषात तर फक्त एका खाटेएवढं ऊन नऊ वीसला न्हाणीपाशी उतरायचं, सरकत सरकत तुळशीपर्यंत यायचं आणि साडेबाराला मंगल कार्यालयाच्या टाकीमागं गडप व्हायचं. खोल्यांमध्ये हात गारठायचे. भाडेकरू तिघं: मी, एक कृषी सहायक आणि एक शिंपी. काकांनी आम्हाला उन्हाचं पाळीपत्रक लावून दिलं. खरंच. भिंतीवर, सहीशिक्क्यानिशी. रविवारी अकरा ते अकरा चाळीस मी, अर्जातल्या 'जास्त'मुळे. शिंप्यानं 'मध्यम' लिहिलं होतं, त्याला वीस मिनिटं. तो बिचारा वर्षभर हळहळला.

पत्रकात सगळ्यांत वर काकू. सुरू होण्याची वेळ नऊ वीस. संपण्याच्या वेळेच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मी मुद्दाम खोडी काढली, "काका, यांच्या पाळीला शेवट नाही काय?"

"ते टेलवर हाये," काका म्हणाले आणि पुढं चालू लागले.

काकूचे गुडघे गेले होते. ऊन लागलं की तिला बरं वाटायचं. तिची पाळी संपल्यावर आमच्या पाळ्या, असा त्या रेघेचा अर्थ. आणि काकू अशी चांगली की अकरा वाजता स्वतःच मला हाक मारायची, "ये वं मास्तरीन, बस माह्याजोळ. ऊन काय कोनाच्या बापाचं हाय?"

पण ऊनपाळी हे काकांचं जुनं वेड. नवं वेड होतं शहराचं.

शहरावर जे जे छापून येईल ते काका वाचत. कादंबरी असो, लेख असो, रविवारची पुरवणी असो, नाहीतर भजे बांधून आलेला कागद असो, त्यात शहर आहे ना, मग झालं. तालुक्याच्या वाचनालयातली तसली पुस्तकं त्यांनी दोन-दोनदा वाचलेली. समासात लाल पेन्सिलीनं शेरे: 'खरं?', 'तपासा', 'हे जास्त झालं'. आणि स्वतः ते कधी अकोल्याच्या पलीकडं गेले नव्हते. चहाला बसले की सुरुवात ठरलेली, "नुकतंच वाचन्यात आलं..." हे तीन शब्द आले की काकू उठून म्हशीकडं जायची.

नुकतंच वाचण्यात आलं की शहरात घरांना विंग असतात. दुसऱ्या दिवशी आमच्या खोल्यांवर 'ए विंग' असं रंगवलं गेलं. बी विंगमध्ये न्हाणी, संडास आणि म्हैस. नुकतंच वाचण्यात आलं की शहरात लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, कोणाकडं पाहत नाही, सगळे वरच्या आकड्यांकडं पाहतात. झालं! काकांनी अंगणात खडूनं चौकोन आखला, त्यात मला आणि शिंप्याला उभं केलं आणि स्वतःही शिरले.

"चढले ना? आता वर पाहा. बोलू नोका. शिंपीदादा, हासू नोका, शहरात असं हासले तं लोक घाबरतात."

आम्ही तिघं माना वर करून उभे. काकू बादली घेऊन चालली होती. ती थांबली, तिनंही वर पाहिलं. "काय झालं? गिऱ्हान लागलं काय?"

नुकतंच वाचण्यात आलं की शहरात येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते. मग फाटकाला सुतळीनं रजिस्टर बांधलं गेलं. नाव, गाव, कोणाकडे, भेटीचं कारण. पहिलीच सापडली काकूची बहीण. आसेगावहून पायलीभर मूग घेऊन आलेली. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कारण विचारल्यावर म्हणाली, "काई नाही, असंच आली."

"असंच चालत नाही. शहरात कोनी असंच येत नाही."

"हे शहर हाय काय भाऊजी?"

"सवय असावी मानसाले."

ती माउली मुगाच्या थैलीवर फाटकाबाहेर बसून राहिली. काकू तशीच, भिंत धरत धरत बाहेर गेली, बहिणीशेजारी बसली, आणि तिथंच दोघींनी चहा प्यायला. नंतर दोन दिवस काकू काकांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी रजिस्टर पाहिलं तर त्या नोंदीसमोर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: 'कारण: बहीन हाय.'

असा माणूस. त्याच्यावर रागावताही यायचं नाही आणि गप्पही बसवायचं नाही.

आता ह्या शहराच्या अभ्यासाचं कारण काय, तर समुद्र. हे मला काकूनं तिच्या पाळीत बसून सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिच्या बचत गटातल्या बाया पौषात कोकणात गेल्या होत्या. हिला काकांनी थांबवलं, म्हणाले, आपण दोघं नीट जाऊ, अभ्यास करून जाऊ. बाया परत आल्या त्या उन्हाच्याच गोष्टी सांगत. इथं आपण शेकोटीला चिकटलेलो आणि तिथं स्वेटर थैलीतून काढावंच लागलं नाही म्हणे. समोर समुद्र, पाठीवर ऊन, दिवसभर, कोणाची भिंत मध्ये नाही.

"मले एकडाव त्या उन्हात बसाचं हाय," काकू म्हणाली. "पाय चालते हायेत तोवर."

वाटेत पुणं. पुण्यात त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्याकडं उतरायचं, तो पुढं कोकणात नेणार, इतकं सरळ होतं. पण काकांचा अभ्यास काही पुरा होईना. दर दिवाळीला म्हणायचे, "ह्या हिवाळ्यात जाऊ." आणि संक्रांतीला म्हणायचे, "अजून शहरातल्या पान्याचं वाचायचं राह्यलं." एका वर्षी रहदारी राहिली. एका वर्षी हवा. मुलगा फोनवर कळवळून सांगायचा, आईला घेऊन या, इथं चांगले डॉक्टर आहेत, गुडघे दाखवू. काका फोन ठेवून म्हणायचे, "नुकतंच वाचन्यात आलं, गरज नसताना चिरफाड करतात म्हने."

यातले शेवटचे अडीच हिवाळे मी डोळ्यांनी पाहिले. मी आले तेव्हा काकू बाजाराला पायी जायची. पुढच्या वर्षी ऑटोनं. नंतर बाजार बंद झाला. मग ती भिंतीला धरून संडासापर्यंत जायची आणि तिथून उठायला तिला काकांचा हात लागायचा. रोज सकाळी काका दाराबाहेर पाठ करून उभे राहायचे आणि तिनं कडी वाजवली की आत जाऊन तिला उठवायचे. त्यात एक दिवस खाडा नाही. इतकं करणारा माणूस तिला डॉक्टरकडं का नेत नाही, हे मला समजत नव्हतं आणि माझं डोकं तडकायचं. दोनदा मी तोंडावर बोललेही. ते म्हणाले, "मॅडम, शहर पाह्याची गोष्ट नाही, अभ्यासाची हाय."

समुद्राचं ठरल्यापासूनच्या पाचव्या हिवाळ्यात, एका रविवारी, काकूनं खाटेवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मी चालली. समुद्र पाहून येते. तुमाले याचं तं या, नाही तं वाचत बसा. मास्तरीन येऊन राह्यली माह्यासंगं."

मला कोणी विचारलंच नव्हतं! पण माझ्या पाच किरकोळ रजा शिल्लक होत्या आणि काकूचं तोंड असं होतं की मी लगेच म्हटलं, "हो, काकू म्हणतात ते खरं आहे."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी काकांनी थैली भरली. दोन धोतरं, एक स्वेटर, अकरा पुस्तकं. काकूनं मुलासाठी तुरीच्या ओल्या शेंगा घेतल्या, चांगल्या पोतडीभर.

पुण्यात बस उजाडायच्या सुमारास पोचली. रिक्षा करून आम्ही मुलाच्या इमारतीपाशी आलो. वॉचमन शेकोटीला बसला होता. काका सरळ त्याच्याकडं गेले. "रजिस्टर कुठी हाय?"

"जाऊ द्या हो काका, जावा वर."

"असं कसं जावा? काढा."

त्यानं डोकं खाजवत वही शोधून दिली. काकांनी तिघांची नावं सुबक अक्षरात लिहिली. भेटीच्या कारणापाशी पेन्सिल जरा थांबली, मग त्यांनी लिहिलं, 'मुलगा'. लिफ्टमध्ये आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी काका वर आकड्यांकडं पाहत ताठ उभे. मीही पाहिलं. सवय झाली होती.

मुलाच्या दारापाशी त्यांचा हात बेलजवळ गेला आणि मागं आला.

"आज रविवार हाय. रविवारी शहरात लोक उशिरा उठतात. वाचलं हाय मी."

"काका, तुमचा मुलगा आहे तो!"

"म्हनूनच तं. हप्ताभर राबते तो. मी त्याले दहाचं सांगतलं हाय, का बस दहाले येते म्हनून. नाही तं रातभर जागला असता, घ्याले आला असता."

मी फोन काढला. काकांनी तो माझ्या हातातून अलगद घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. मी काकूकडं पाहिलं, म्हटलं आता ही खडसावेल. तर काकू म्हणते, "राहू दे वं. झोपला असन लेकरू." घ्या! आता काय बोलणार? चाळीस वर्षांचं लेकरू आत गादीवर, आणि आम्ही तिघं बाहेर जिन्यावर, सतरंजी पांघरून. शहरात येऊन पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्याच पोराच्या दारात बसून राहिलो. असला मूर्खपणा करायला मानोऱ्याहूनच यावं लागतं.

पावणेआठला जिन्याच्या खिडकीतून ऊन आलं. एका खाटेएवढंच. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक आजोबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आले. रोजच्यासारखी खुर्ची उन्हात मांडली आणि मग त्यांना आम्ही दिसलो. काका झटकन उठून छताकडं पाहू लागले. आजोबांचं लक्ष काकूच्या गुडघ्यांकडं गेलं. तिनं त्यांना मफलर गुंडाळलं होतं.

"इथं बसा तुम्ही," ते काकूला म्हणाले. "माझं काय, रोजचंच आहे."

काकू बसली. काकांना राहवलं नाही. छत सोडून ते आजोबांकडं वळले. "तुमची पाळी किती वाजता संपते?"

"सव्वाआठ. मग ऊन समोरच्या टॉवरमागं जातं."

"अन् ह्या मजल्यावर टेलले कोन हाय?"

आजोबांना काही कळलं नाही, मग काकांनी समजावून सांगितलं. दहा मिनिटांत दोघं म्हातारे ऊन कुठून येतं, कुठं जातं, कोणत्या महिन्यात किती, यात गढून गेले. चौथ्या मजल्यावर ऊन जास्त येतं आणि तिथले लोक उठतच नाहीत, ही आजोबांची जुनी तक्रार होती. ती ऐकायला त्यांना आजवर कोणी भेटलं नव्हतं. काकूला रिकामं बसवेना, तिनं पोतडी सोडली आणि शेंगा सोलायला घेतल्या. आजोबांची सून चहा घेऊन आली; शेंगा बघून तीही खाली बसली. कोणाची तरी मुलगी आली. आठ दहाला मुलानं दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा त्याची आई खुर्चीवर, भोवती निम्मा मजला तुरीचे सोले काढतोय, आणि बाप जिन्याच्या फरशीवर खडूनं उन्हाच्या रेघा ओढतोय.

"बाबा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

हसण्यात आमची पाच मिनिटं गेली. मग तो आईजवळ पायरीवर बसला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याचं हसू गेलं. मफलरच्या आत गुडघा नारळाएवढा झाला होता.

"आई, इतकं?"

"परवासानं सुजलं रे."

आजोबांसकट सगळ्यांना कळलं की ते प्रवासाचं नव्हतं.

नाश्त्याच्या वेळी त्यानं विषय काढलाच. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागेल. आधी एक, मग दुसरं. तीन महिने तरी इथं राहावं लागेल. "आई, तू राहा. आता जाऊ नकोस." तो आईकडंच बघून बोलत होता. बापाची समजूत घालून घालून थकला असावा.

काकू आत बाथरूमला गेली, आणि थोड्या वेळानं आपली आपण बाहेर आली. भिंतीला धरून, पण एकटी. तिचं तोंड नुसतं फुललं होतं. "संडास खुर्चीसारखा हाय वं मास्तरीन," ती मला म्हणाली. "बाजूले धराले दांडा हाय. उठाले कोनी लागलं नाही मले!"

काका पुस्तक उघडून बसले होते. ते त्यांनी मिटलं. पेन्सिल कानावरच होती.

"राह्याचं मंग सांगते," काकू मुलाला म्हणाली. "आधी समुद्र."

दुसऱ्या दिवशी मुलानं गाडी काढली. दापोलीच्या पुढं एक लहानसं गाव, समुद्राला लागून खोल्या. वाटभर काका एक शब्द बोलले नाहीत. घाट आला, करवंदीच्या जाळ्या आल्या, काही नाही. नुकतंच काही वाचण्यात आलं नव्हतं.

सकाळी मुलगा लॅपटॉप घेऊन खोलीत कामाला बसला आणि आम्ही तिघं वाळूत गेलो. काय ऊन होतं म्हणून सांगू! पौषातलं, कोवळं, आणि कुठं संपतच नव्हतं. खोलीवाल्याची खुर्ची मी वाळूत ठेवली. काकू बसली. तिनं शाल काढली, मग स्वेटर काढला, पदर सैल केला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

मग म्हणाली, "मास्तरीन, पान्यात ने मले."

मी तिला धरून नेलं. घोट्यापर्यंत पाणी आलं तशी ती पोरीसारखी किंचाळली. काका मागं सुरूच्या झाडाखाली, पायात काळे बूट घालून बसलेले. त्यांनी मला हातानं बोलावलं. काकू म्हणाली, "जा, पाह्य काय म्हनते तो मानूस." मी तिची खुर्ची पाण्याच्या कडेला आणून तिला बसवलं आणि गेले.

काका वाळूकडं पाहत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "तिले तिथं गमलं तं?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. आमच्याकडं 'गमलं' म्हणजे मन रमलं, जीव लागला. पुण्यात काकूला गमलं तर? ती मुलाकडंच राहिली तर? तिथं उठायला काकांचा हात लागत नव्हता, पाण्याला गिझर होता, मुलगा होता. मानोऱ्याच्या त्या अंगणात काका एकटेच राहिले तर? रहदारी, हवा, पाणी, चार वर्षांचा तो सगळा अभ्यास ह्या एका प्रश्नापायी लांबत गेला होता.

मला कीव यायला हवी होती. मला आला राग. मी म्हटलं, "काका, चार वर्षं तिचे गुडघे दुखले. तुम्ही रोज तिला उठवत होता, तुम्हाला दिसत नव्हतं? हे विचारायचं ते तिला विचारायचं. मला काय विचारता? पुस्तकाला काय विचारता?"

इतकं तोडून बोलायला नको होतं. पण बोलले. काका उठले आणि सरळ पाण्याकडं चालू लागले. बूट तसेच. मी मागोमाग पळाले, म्हटलं हा माणूस आता काय करतो!

ते काकूच्या खुर्चीपुढं उभे राहिले. लाट आली, बुटांत पाणी शिरलं. ते हलले नाहीत.

"तू राह्यशीन काय पुन्याले?"

काकूनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं वर पाहिलं.

"चार वरसं झाले मी वाट पाहून राह्यली, का हा मानूस कवा इचारते."

"राह्यशीन काय ते सांग."

"पोरानं पयल्याच वरसी बलावलं होतं मले. मी काय म्हनलं इचारा त्याले. मी म्हनलं, तुह्या बापाचा अभ्यास होऊ दे, मंग येतो आमी दोघं. दरसाल तेच सांगून राह्यली त्याले. तुमी संग नसान तं मी त्या टेबलावर चढनार नाही. मले भेव वाटते चिरफाडीचं. लय भेव वाटते."

"तं मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी पुस्तकातून डोकं वर काढलं तं सांगीन ना!"

मी पाण्यात उभी राहून दुसरीकडं पाहत होते. चार वर्षं हा तिच्याशिवाय राहायला घाबरत होता, आणि ती ह्याच्याशिवाय दवाखान्यात जायला. एकाच घरात. आणि मधल्या मध्ये ते गुडघे झिजत राहिले.

"मंग राहू," काका शेवटी म्हणाले. "दोघंबी राहू तिथं."

"हं," काकू म्हणाली. "आता बूट काढा, भिजून गेले सारे."

माझ्या रजा संपल्या आणि मी एकटीच मानोऱ्याला परत आले. माघात काकूच्या पहिल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी डॉक्टरांच्या खोलीत काय झालं ते मला मुलानं फोनवर सांगितलं.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो पाहिला, मग काकूकडं पाहिलं. खोलीचं दार उघडं होतं, बाहेर बाकांवर पेशंट बसलेले, आत दोन नर्स. ते म्हणाले, "आजी, फार उशीर केला तुम्ही. गुडघा पूर्वीसारखा होणार नाही, काठी लागणार. चार वर्षं आधी आला असता तर लागली नसती. का नाही आलात?"

काकू चटकन म्हणाली, "वावरातले कामं होते, साहेब. सवड नाही भेटली." त्यांना वावराचा तुकडा नव्हता.

काका खुर्चीवरून उठले.

"खोटं बोलून राह्यली ते," ते म्हणाले. "माह्यामुळं झाला उशीर. मी आनलं नाही तिले."

डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "ऑपरेशनची भीती वाटली असेल, आजोबा. वाटते सगळ्यांना."

"नाही साहेब. घरी हिच्याबिगर राह्याची वाटली."

बाहेरच्या बाकांवरचे लोक वळून पाहायला लागले. काकूनं त्यांचं धोतर खालून ओढलं. "बसा आता. सारे पाहून राह्यले."

काका बसले नाहीत.